पहिल्या पावलांवर गोमूत्र

"हळद पूस!" सगळ्या गावासमोर मानकऱ्यानं मला दंडाला धरून रांगेतून ओढलं. "तुमचं चालणं नवसाचं नसतंय, तपासायचं असतंय." लोक हसले. मी मातीनं पाय घासले. आयटीआयचं पहिलं वर्ष होतं माझं.

आमच्या गावच्या जत्रेत विस्तवावरून चालतात. चर खणायचा, बाभळीची लाकडं जाळायची, निखारे दाताळ्यानं सारखे करायचे, खिळा-खडा वेचायचा, हे काम माझ्या बापाचं. शेवटी विस्तव सोसतो का ते बघायला अनवाणी पहिला चालायचा तोही बापच. त्याच्यामुळं आजवर कुणाचा पाय भाजला नाही. पण तो पार झाला, की मानकरी तांब्यातलं गोमूत्र त्या निखाऱ्यांवर शिंपडायचा. मगच गाव पायाला हळद लावून चालायचं. आमच्या घराला हळद नाही.

पुढं अंबडला कंपनीत लागलो. तिथं आडनावसुद्धा पुटपुटत सांगायचो. एका वर्षी कंपनीतल्या मित्रांना जत्रा बघायची हुक्की आली. त्यांच्यासोबत गेलो. इस्त्रीची पँट, हातात घड्याळ. मानकऱ्यानं ओळखलंच नाही. वाकून स्वतः हळद लावली माझ्या पायांना. मला काय आनंद झाला होता! सांगायलाही लाज वाटते.

चाललो. सात-आठ पावलं. काही झालं नाही, बापानं विस्तव चांगला केला होता. पलीकडे तोच उभा, बादली घेऊन, येणाऱ्याच्या पायांवर पाणी ओतायला. माझ्याकडे बघतच राहिला.

मित्रानं विचारलं, "हे काका तुला ओळखतात का रे?"

"नाही रे. गावातला कामाचा माणूस असेल."

हो, मीच बोललो हे. ह्याच तोंडानं.

बापानं ऐकलं. माझ्या पायांवर पाणी ओतलं. खाली बघूनच म्हणाला, "जपून, साहेब. पुढं दगड हाय."

मानकरी निदान परका होता. मी पोटचा.

पुढच्या जत्रेला त्याच मित्रांना घेऊन गेलो. "हा माझा बाप," म्हणालो. बाप चालून पार झाला, मानकऱ्यानं तांब्या उचलला, तसा मी आडवा आलो.

"शिंपडायचं नाही."

"मग आम्ही चालायचं कसं?"

"माझा बाप चालला तसं."

लय बोंबाबोंब झाली. बाप मलाच म्हणाला, "जाऊ दे की रं." मी हललो नाही. शेवटी तांब्या खाली गेला, आणि कुरकुरत का होईना, गाव चाललं.

त्या 'साहेब'चा विषय बापानं कधी काढला नाही. मीही माफी मागितली नाही. मागून मोकळा होणारा मी कोण? बाप अजून हळद लावून घेत नाही. आता दाताळं माझ्या हातात आहे. चराच्या कडेला पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवतो. ज्या वर्षी तांब्या उचलाल, त्या वर्षी दोन्ही चरात ओतीन. गावाला सांगून ठेवलंय.