मॉरिशस की पोर्तुगाल, व्हाया कोलशेत

परदेशात स्थायिक होण्यासाठी आम्ही केलेला पहिला प्रवास डोंबिवली ते कोलशेत असा होता. हसू नका. यांना दमा आहे. आमच्या घरामागच्या केमिकल कंपन्या संध्याकाळ झाली की कसला तरी उग्र वास सोडतात आणि यांची छाती वाजायला लागते. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. यांनी देशच बदलायचं मनावर घेतलं. महिनाभर व्हिडिओ पाहून दोन देश उरले, मॉरिशस आणि पोर्तुगाल. फ्लॅट विकायचा, त्या पैशांवर आणि पेन्शनवर तिकडे राहायचं. फ्लॅट विकायला एजंटही गाठून झाला. मला विचारलं ते सगळ्यात शेवटी, तेही कसं, तर "अगं, तुला समुद्र आवडतो ना?"

ठाण्यात कोलशेतच्या एका हॉलमध्ये, निवृत्तीनंतर परदेशात राहायला जाणाऱ्यांसाठी प्रदर्शन होतं. शनिवारी सकाळी निघालो. तुम्ही जाणार असाल तर कृपा करून कॅब करू नका, ठाण्यापर्यंत ट्रेन आणि पुढे रिक्षा बरी. माणकोलीच्या पुलावरून झटकन पोचू असं ड्रायव्हर म्हणाला. पूल खरंच झटकन संपला आणि मग कापूरबावडीपर्यंत आम्ही ट्रकांच्या मागे बसून धूर खाल्ला. हे रुमालाआडून पोर्तुगालच्या गुळगुळीत रस्त्यांचा व्हिडिओ बघत होते, खड्ड्यांमुळे फोन दोनदा हातातून पडला. आठशे रुपये घेतले वर.

हॉलमध्ये गारेगार एसी होता आणि फुकटचं सँडविच होतं, काकडी शोधावी लागेल असं. घरून डबा न्या. माझ्या शेजारी कोलशेतच्याच एक आगरी काकू बसल्या होत्या. गळ्यात सोनं, चेहऱ्यावर कंटाळा.

"तुम्ही कुठला देश घेताय?" मी विचारलं.

"मी कसला घेतंय? पोराला पोर्तुगालला घर पायजे. मना कोन इचारतंय?" त्या म्हणाल्या. "हा हॉल हाय ना, हिकरं आमची भाताची शेती व्हती. आता हितंच बसून मना सांगतान, चांगली जागा बघा."

मला त्या बाई एकदम आवडल्या.

ब्लेझर घातलेला एक मुलगा बोलायला उभा राहिला. मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत, गणपती बसतात, असं म्हणाल्यावर हे पुढे सरकून बसले. मग पोर्तुगालची चर्च, द्राक्षमळे. आणि मग तो म्हणाला, "आता बघू या, तुम्ही काय सोडून जाणार आहात." पडद्यावर फोटो आला. धुरकट आभाळ, उखडलेला रस्ता आणि एक तीन मजली इमारत, जिच्या सगळ्या खिडक्या संध्याकाळच्या उन्हात बंद. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत जांभळी चादर वाळत होती, मधोमध पिवळं ठिगळ असलेली. ते ठिगळ मी लावलंय.

"लोक असे राहतात!" मुलगा म्हणाला. हॉल हसला.

माझं डोकं फिरलं. मी उठून उभी राहिले. "ते माझं घर आहे."

"मग मॅडम, बुकिंग तर सगळ्यात आधी तुमचंच पाहिजे!" पुन्हा हशा.

"तू राहतोस कुठे रे?"

तो जरा गडबडला. "कल्याणला. तिकडे डोंबिवलीला मावशीकडे गेलेलो, तेव्हा काढला फोटो."

"आणि तुझी मावशी कुठल्या देशात चाललीय?"

"तिला कुठे परवडतंय, मॅडम," तो माइक बाजूला धरून म्हणाला.

म्हणजे ज्याला परवडेल त्याने श्वास घ्यावा. ही इतकी संतापजनक गोष्ट होती, आणि शंभर माणसं सँडविच खात ऐकून घेत होती! मी अजून बोलणार होते, पण यांनी माझा पदर ओढला.

"बस गं. फोटो खोटा आहे का?"

खोटा नव्हता. राग त्याचाच होता. मी बसले. काकूंनी आपलं सँडविच माझ्या हातात दिलं.

परत येताना ट्रेनने आलो. गल्लीत शिरलो तेव्हा वास सुटला होता, कुजकी अंडी आणि नेलपॉलिश एकत्र केल्यासारखा. इतक्या वर्षांत किती अर्ज दिले, किती साहेब नाकाला रुमाल लावून पाहणी करून गेले. वास तसाच राहिला आणि आता देश बदलायचा आम्ही. घरात येऊन मी आधी चादर आत घेतली. हुंगली आणि पुन्हा धुवायला टाकली. यांनी इन्हेलर ओढला आणि डोळे मिटून म्हणाले, "मॉरिशसच बरा. रात्री खिडक्या उघड्या टाकून झोपायचं."

इतकंच हवंय या माणसाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात फ्लॅटच्या एजंटचा फोन आला. मी स्पीकर लावला. "काकू, उद्या एक जोडपं घर बघायला येतंय. लहान बाळ आहे, म्हणून हवेशीर घर पाहिजे त्यांना. खिडक्या सगळ्या उघडून ठेवा. सकाळी दहाला आणतो, तेव्हा वास नसतो."

"संध्याकाळी सातला आणा," मी म्हणाले.

"काकू, सातला कोण घेणार ते घर?"

"सातलाच आणा." मी फोन ठेवला.

हे माझ्याकडे बघत राहिले. आता ओरडतील असं वाटलं. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते बाळ होतं.

"केवढं आहे बाळ, विचारलंस का?" हे म्हणाले आणि खोकत उठून खिडकी लावून आले.