उचलू का, नाना?

बुधाजी पहिल्या दिवशी कामावर आला आणि त्याने सताड उघड्या दारावर टकटक केली. आत एकटे श्रीपतनाना. झटका येऊन उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. मी आमच्या कुंपणावर कोपर टेकवून बघत होतो, कारण पळसदरीत नवा माणूस आला आणि मी तो बघितला नाही, असं अजून घडलेलं नाही.

"अरे बाबा," मी म्हटलं, "आत 'या' म्हणायला कोण बसलंय?"

"म्हनत नायत, पन ऐकत्यात ना," तो म्हणाला आणि दारातच उभा राहिला. बराच वेळ. मग काय दिसलं कोणास ठाऊक, चप्पल काढून आत गेला.

त्याच दिवशी मी त्याचं नाव 'परवानगीसाहेब' ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत ते स्टेशनपर्यंत पोचवलं.

परवानगीसाहेब म्हणजे माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतला गडी. पोटऱ्या दगडासारख्या, गुडघे मात्र कामातून गेलेले. बावीस वर्षं माथेरानला हातरिक्षा ओढली. मग वर ई-रिक्षा आल्या, याचे गुडघेही बोलायला लागले, तेव्हा कर्जतला तीन महिने आजारी माणसांना सांभाळायचं शिक्षण घेतलं. नानांची सून उज्वला कर्जतला शाळेत शिकवते आणि मुलगा किरण खालापूरकडे कंपनीत पाळीवर जातो. म्हणून दिवसभर नानांपाशी बुधाजी. रविवारी त्याला सुट्टी.

आणि रविवारी नाना माझे. हे मी अभिमानाने सांगायचो. सकाळी जायचं, खिडकीकडच्या खुर्चीत बसायचं, नानांच्या दंडाला धरून झटक्यात उठवून बसवायचं. "उठा नाना, गाडी आली!" आणि आठवड्याच्या सगळ्या बातम्या त्यांच्या कानात ओतायच्या. नाना डावा हात वर करायचे. मी त्यावर खणखणीत टाळी द्यायचो. मग सोमवारी कुंपणावरून बुधाजीला चिडवायचो, "मला टाळी देतात नाना. तुला कधी दिली?"

तो हसायचा. गप्पा मारायला त्याला वेळ कुठला! त्याचं प्रत्येक काम म्हणजे एक सोहळा. अंग पुसायचं तर खोलीत दोघेच असले तरी आधी पडदा ओढायचा. कुशीवर वळवायचं तर खाटेशी उकिडवं बसून नानांच्या डोळ्यांत बघत म्हणायचा, "नाना, आता डावीकडं वळवतो. वळवू का?" आणि थांबायचा. तेवढ्या वेळात माझा चहा पिऊन व्हायचा.

एकदा मी विचारलंच, "ही एवढी विचारपूस कुठं शिकलास रे?"

"रिक्षेवर, दादा. उतार आला की शिटावरच्या मान्साला आधी सांगायचं. नाय सांगितलं तर घाबरून पुढं वाकतो, आन् रिक्षाच पलटी हुते. वजन आपन पेलतो, पन जीव त्याचा जात असतो."

नाना रेल्वेत पॉइंट्समन होते, रूळ बदलून गाड्यांना झेंडी दाखवणारे. ही गोष्ट आख्ख्या गावाला ठाऊक. पण झटक्यानंतर आठ महिने आम्ही सगळे त्यांच्याशी "बरं आहे ना? बरं आहे!" असं बोलत राहिलो, प्रश्नही आमचा आणि उत्तरही आमचंच. बुधाजीने दुसऱ्या दिवशी उज्वलाला विचारलं, नाना नोकरीत नेमकं काय करायचे? झेंडी नसली की रेल्वेवाले दोन्ही हात डोक्यावर नेऊन गाडी थांबवतात, आणि एक हात सरळ धरून पुढे सोडतात, हे त्याने तिच्याकडून काढून घेतलं. नानांचा एकच हात चालत होता. म्हणून ठरलं : हात वर म्हणजे थांब, नाही. हात सरळ समोर म्हणजे जाऊ दे, हो. हे मला कुंपणावरून ऐकू आलं होतं. मी म्हटलं, घ्या, आता रेल्वे-रेल्वे खेळतायत. आणि विसरून गेलो.

मग तो सोमवार उजाडला. नानांच्या उजव्या दंडावर निळाजांभळा डाग. चार बोटांचा, स्पष्ट.

बुधाजीने तो सकाळी अंग पुसताना बघितला आणि उज्वला शाळेला निघता निघता तिला थांबवलं. मी तिथे पोचलो होतोच. मोबाईल काढून फोटो घेणार, तर बुधाजीने नानांच्या दंडावर अलगद पंचा टाकला. "नाना 'हो' म्हनले का, दादा?"

मोबाईल खिशात गेला. कसा गेला ते मलाच कळलं नाही.

मग तो उज्वलाला जे म्हणाला, ते मी या दोन कानांनी ऐकलं. "ताई, डाक्टरांना बोलवा. आन् कुनी केलं ते कळंस्तवर मला नानांपाशी एकट्याला ठेवू नका. कुनीतरी समोर बसा. माजा बी संशय घ्या." आणि नानांच्या रोजच्या नोंदी ठेवायची त्याची एक वही होती, तिच्यात हे सगळं जसंच्या तसं लिहून ठेवलं.

आता शहाणा माणूस यावर गप्प बसला असता. मी चहाच्या टपरीवर गेलो. "रिक्षेचा दांडा पकडलेले हात ते," मी म्हटलं, "नाना म्हणजे त्याला दांडाच वाटले असतील!" सगळे हसले. दुपारपर्यंत हसणं गळून पडलं आणि 'बुधाजी म्हाताऱ्याला मारतो' एवढंच उरलं. तेवढंच किरणला कंपनीत फोनवर कळलं.

घरी आमची छाया म्हणाली, "अवो, तुमी बघितलं का त्याला मारताना?"

"नाही गं."

"मग तुमची जीभ बघून आली व्हय?"

किरण साडेचारला आला, तो तणतणतच. डॉक्टर येऊन गेले होते. रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे साधं धरलं तरी असा डाग पडतो, पण कोणीतरी ओढून धरलंय, असं त्यांनी सांगितलं होतं. किरण म्हणाला, "बुधाजी, उद्यापासून येऊ नकोस."

उज्वला रडवेली झाली. झटक्यानंतर नानांशी बोलणारा, म्हणजे त्यांचं ऐकणारा, हा एकच माणूस होता. तो गेला की नाना पुन्हा मुके.

"जातो," बुधाजी म्हणाला. "पन आधी नानांना इचारा."

"त्यांना काय कळतंय?"

"इचारून तर बघा."

"बरं, विचार तूच."

"नाय नाय. मी इचारलं तर माज्याकडं बघून उत्तर देतील. मी भायेर थांबतो. ताई, तुमी इचारा. येक येक नाव घ्या, पयलं माजंच घ्या. आन् घाई नको. मनात ईस मोजा." आणि तो खरंच अंगणात गेला, पार लांब, फणसापाशी, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याची भाकरी त्या खोलीतल्या एका हातावर होती, आणि त्या हाताकडे तो बघतही नव्हता.

उज्वला खाटेशी उकिडवी बसली. "नाना, दंडाला धरून बुधाजीनं ओढलं?"

मी मोजत होतो. अकराव्या अंकाला डावा हात हलला. थरथरत वर गेला. नाही.

"मी?" वर. "किरण?" वर.

मी दारात टेकून उभा. सवयच वाईट. म्हटलं, "माझंही नाव घे की, माझ्यावर कशाला अन्याय?"

उज्वलाने वळूनही बघितलं नाही. "नाना, जगदीशभाऊजींनी?"

हात खाली आला. हळूहळू सरळ झाला. खांद्यापासून बोटांपर्यंत, थेट माझ्याकडे, थोडाही न हलता. अशा हातावर बत्तीस वर्षं गाड्या पुढे गेल्या होत्या.

मला ते रविवार आठवले. मी दंड धरून खेचायचो आणि नाना हात वर करायचे. थांब म्हणायचे. आणि मी त्या 'थांब'वर टाळी द्यायचो.

किरणने अंगणात जाऊन बुधाजीला सगळं सांगितलं आणि आत आणलं. तो पुन्हा दारावर टकटक करून, थांबून आत आला. त्याची माफी मागताना किरणला शब्द सापडत नव्हते. बुधाजीने मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा बोलणार, बोलूच दे.

"दादांनी मुद्दाम नाय केलं," तो म्हणाला. "पन नानांना लागलं, ते लागलंच. वहीत दोनी लिहितो." आणि मग खाटेशी बसून, "नाना, दादानं हितं परत यावं का?"

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. परीक्षेच्या निकालाला एवढा घाबरलो नव्हतो. वीस झाले. तीस झाले. मग हात सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी टपरीवर जाऊन मी सांगितलं, डाग माझ्या बोटांचा. कोणी हसलं नाही. खऱ्या बातमीला गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून तीच चार दिवस रोज सांगितली.

रविवारी गेलो. उघड्या दारावर टकटक केली. कुंपणापलीकडून छाया बघत होती, तिला हसू आवरत नव्हतं. थांबलो. नानांनी डोळे वळवले, मग आत गेलो. आज खुर्चीत नाही, खाटेशी उकिडवा बसलो, गुडघे कुरकुरले.

"उठवून बसवू का, नाना?"

हात वर गेला.

माझाही अर्धा गेला होता, टाळीला. तो मी गुडघ्यावर दाबून धरला आणि आडव्या पडलेल्या नानांना आठवड्याच्या बातम्या हळू आवाजात सांगायला सुरुवात केली.