माशांची भूक

५ मे. सकाळी मी मागच्या अंगणातल्या हौदातलं शेवाळ जाळीनं काढत होते. आदल्या दिवशी दोन मासे मेले होते. मासे विकणाऱ्या दुकानदारानं मला खडसावलं होतं की, उरलेलं खाणं कुजून शेवाळ माजतं, पहाटे पाण्यातली हवा संपते आणि दम लागून मासे वर तोंड उघडतात. मी ती भूक समजून रोज मूठभर जास्त टाकत होते.

तेवढ्यात कुंपणावरून हौदात मुरमुरे पडले. रोज फिरायला जाणारे एक म्हातारे गृहस्थ तारेवर कोपर टेकून एकेक दाणा टिचकीनं उडवत होते. संपले की पिशवी झटकून ते माशांना हात जोडत.

"काका, हे काहून टाकता?"

"तोंड उघडून मांगून राह्यले न बाई. माह्याच्यानं तसंच पुढं जावत नाही."

दुकानदाराचं सगळं व्याख्यान मी स्वतःचं म्हणून त्यांना ऐकवलं. त्यांनी हौदाच्या कठड्याकडे बोट केलं.

"मंग त्या डब्यात काय हाय?"

सवयीनं मीच आणलेलं माशांचं खाणं होतं. झाकण उघडंच होतं. त्यांना पुण्य हवं होतं आणि मला माशांनी ओळखावं असं वाटत होतं.

६ मे. सकाळी मी डबा घरातच ठेवला, हौदात ताज्या पाण्याची नळी सोडली आणि काकांना आत बोलावून जाळी त्यांच्या हाती दिली. मासे तोंड उघडून वर आले, तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांवर नजर ठेवून उभे राहिलो.