विमलबाईंच्या चित्रातली बिनचेहऱ्याची आई

विमलबाईंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. ‘गोड लिहा,’ असे या गौरवग्रंथाच्या संपादकांनी सुचवले. ते मला जमणार नाही.

कळमनुरीच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो, तेव्हा चित्रकलेच्या वर्गात, तिथे चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी रंगवलेले एक मोठे तैलचित्र होते. जवळून नुसते पिवळे, हिरवे, जांभळे फटकारे. “बाई, हे अर्धवट आहे का?” मी विचारले. बाईंनी मला दारापर्यंत मागे नेले. तिथून पाहिले, तर पाने पिवळी पडत आलेल्या हळदीच्या शेतात एक स्त्री उभी होती. पाठीवर ऊन, पायाशी जांभळी सावली. चेहऱ्याच्या जागी रंगाचा फक्त एक ठिपका.

“माझी आई. शाळेतून येताना बांधावरून अशीच दिसायची. नाक-डोळे दिसत न्हवते, पण आई हाय हे कळायचं.”

रेघांपेक्षा ऊन रंगवायचे, ही इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची रीत मला त्या दारात उभे राहून कळली.

पुढे बाईंच्या आई गेल्या. त्याच वर्षी स्नेहसंमेलनासाठी ते चित्र सभागृहात नेले. संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी बाईंना न विचारता, पाट्या रंगवणाऱ्या सलीमभाईंकडून त्यावर डोळे, नाक आणि लालभडक ओठ काढून घेतले!

“काहून चिडता, बाई? चेहरा राहिला होता, आमी पुरा करून दिला,” अध्यक्ष म्हणाले.

“माझ्या आईच्या जागी तुमी भलतीच बाई आणून उभी केली!” भरल्या सभेत बाईंनी चित्र उतरवले आणि त्या निघून गेल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांचे चित्रकलेचे तास काढून घेतले. चित्र बिघडवले त्यांनी आणि शिक्षा बाईंना! हे लिहितानाही माझे डोके तापते.

सलीमभाई खाली मान घालून बाईंच्या घरी आले. बाई म्हणाल्या, “तुमच्यावर राग न्हाई, भाई. सांगणाऱ्यावर हाय.” मग त्यांनाच सोबत घेऊन बाई शिरड शहापूरच्या त्याच हळदीच्या शेतात जाऊन बसल्या. सलीमभाईंनी रंग कालवले, बाईंनी आई पुन्हा रंगवली. बिनचेहऱ्याचीच.

तेच चित्र या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर येणार होते. परवाच्या बैठकीत संस्थेचे एक पदाधिकारी म्हणाले, “कॉम्प्युटरवर चेहरा टाकता येईल.” बाईंनी चित्र उचलले आणि त्या घरी गेल्या. म्हणून मुखपृष्ठ कोरे आहे. ते कोरेच राहू द्या.

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांची नजर शाबूत राहो, आणि त्यांचा राग कधीही न निवो.