झिला हॅस्लमने फोडलेली काच

इंग्लंडातल्या आमच्या बोल्टन गावच्या गिरणीगल्लीत पहाट व्हायची ती झिला हॅस्लममुळे. आठवड्याला थोडे पैसे घेऊन लोकांना कामासाठी उठवायची. हातात लांब काठी, टोकाला तारांचा झुबका. माडीवरच्या खिडकीवर टकटक करायची, आतून "उठलो गं बाई!" ऐकू आलं की पुढचं घर. एकवीस वर्षांत एका काचेला तडा गेला नाही. भोंगा झाला की गिरणीचं फाटक बंद, म्हणून सगळी गल्ली तिच्या भरवशावर घोरायची.

बायकांना मत मिळावं म्हणून तिने किती अर्ज लिहिले, किती सह्या गोळा केल्या, देव जाणे. उत्तर एकाचंही आलं नाही. माझ्यासारखाच गिरणीत राबणारा माझा नवरा हॅरल्ड हसायचा. "मत घेऊन काय चुलीत घालणार आहेस, झिला?"

मग १९१२ साली मँचेस्टरहून मताच्या चळवळीतल्या पोरी आल्या. म्हणाल्या, अर्ज पुरे, आता काचा फोडा. बाजाराच्या दिवशी, शनिवारी गिरणी लवकर सुटल्यावर, भर दुपारी झिला पुढाऱ्यांच्या क्लबासमोर काठी घेऊन उभी राहिली. मी सोबत होते, म्हणजे चार पावलं मागे. खोटं कशाला बोलू?

तिने काठी उगारली आणि मारली. टकटक.

आत दारवानाच्या खुर्चीत पेंगणारा आमचा शेजारी एनॉक ग्रिमशॉ ताडकन उठला. "उठलो गं बाई!" म्हणाला आणि टोपी शोधायला लागला.

झिला लालबुंद झाली. पुन्हा मारली, पुन्हा टकटक. जित्याची खोड! तेवढ्यात हवालदार ओपनशॉ आला.

"झिलाबाई, घरी जा बरं. तुम्हाला आत टाकलं तर पहाटे मला कोण उठवणार?"

"मला धर, ओपनशॉ. धरल्याशिवाय आमचं कोणी ऐकत नाही."

"अहो, पण आधी काच तर फोडा!"

झिलाने काठी उलटी धरली, डोळे घट्ट मिटले आणि जाड टोकाने हाणली. खळ्ळकन काच खाली आली. झिलाच दचकली आणि म्हणाली, "माफ करा हं."

महिनाभर तुरुंग झाला. तिथे तिने अन्न सोडलं, तर घशात नळी घालून बळजबरीने पाजलं. पेपरात अर्धा रकाना भरून आलं. इतक्या वर्षांच्या अर्जांना एक ओळ मिळाली नव्हती. इकडे तिच्या जागी आलेल्या माणसाने दोन दिवसांत तीन घरांच्या काचा फोडल्या, म्हणून त्याला हाकललं. मग काय, रोज निम्मे बापे फाटकाबाहेर! हॅरल्डला मी हलवून हलवून उठवत होते, म्हणून तो वाचला.

झिला परत आली तेव्हा तिची बसलेली गालफडं पाहून मला रडूच आलं. बाप्यांनी मात्र तिला गराडा घातला. "उद्यापासून येशील ना?"

तिने पिशवीतून नवा अर्ज काढला. "बायकांच्या मतासाठी आहे. सही करेल त्याचीच खिडकी वाजेल."

कुरकुरत एकेकाने सही केली, सगळ्यांत आधी एनॉकने. हॅरल्ड तेवढा हात खिशात घालून उभा.

"मला काय गरज? माझी बायको आहे ना घरात! काय गं हेस्टर?"

मी झिलाची पिशवी उचलली आणि तिला घरी पोचवायला निघाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे टकटक एकेक घर करत आली आणि आमची खिडकी ओलांडून पुढे गेली. मी जागीच होते. शेजारी हॅरल्ड घोरत होता. मी शाल पांघरली, लाकडी बूट हातात घेतले आणि पाय न वाजवता जिना उतरून गिरणीला गेले.