अध्यक्षांचा फेटा

बसा, चहा येतोय. तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. ती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी, कारण आमचे डॉक्टर कुलकर्णी सांगायला बसले की पदरचा मीठमसाला घालतात. तशी गरज नाही हो, मुळातच ती पुरेशी झणझणीत आहे.

गुलमंडीच्या भर बाजारात माझं कापडाचं दुकान. त्या वर्षी मी आमच्या सेवा क्लबचा अध्यक्ष झालो होतो. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, त्यात काय नव्हतं? कोटावर बिल्ला, गळ्यात पदाची चकचकीत साखळी, सभा सुरू करायला टेबलावर घंटा. बायको म्हणायची, "जेवताना तरी ती साखळी काढून ठेवा." पण खरं सांगतो, मला त्या क्लबचा अभिमान होता आणि आजही आहे. व्यापारी, वकील, मास्तर, डॉक्टर, सगळे आपापला व्याप सांभाळून रविवार द्यायचे. उन्हाळ्यात पाणपोया चालवायचे, दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांना डबे पोचवायचे. कुणी सांगितलं होतं का? नाही. मनानं करायचे.

माझ्या वर्षात मी नेत्र शिबिर घ्यायचं ठरवलं. तेही शहरात नाही, बिडकीनच्या पलीकडच्या एका गावात. शाळेच्या मैदानात मंडप टाकायचा, डोळे तपासायचे, चष्मे फुकट द्यायचे. क्लबची बाकी मंडळी सकाळीच पुढं गेली. मागून जीपमध्ये मी, डॉक्टर आणि ड्रायव्हर सलीमभाई. डॉक्टर भिंगांची पेटी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर डुलक्या काढत होते.

गावात शिरलो तर समोरच मंडप. लाउडस्पीकर चालू, दारात रांगोळी, वर मोठा बोर्ड.

सलीमभाईंनी गाडी हळू केली. "साब, बोर्ड पे कुछ लिखा है. मेरेकू मराठी पढना नहीं आता, तुम जरा पढ लो."

"वाचायचंय काय त्यात? मंडप दिसतोय ना? घाला गाडी आत."

गाडी थांबायचा अवकाश, हलगी सुरू झाली. बायका आरतीचं ताट घेऊन आल्या. मला ओवाळलं, डॉक्टरांना ओवाळलं, सलीमभाईंनाही सोडलं नाही. मग माझ्या डोक्यावर असा फेटा चढवला की कान आत गेले आणि भुवया अर्ध्या झाकल्या. डॉक्टर कानाशी कुजबुजले, "अध्यक्ष, डोळे तपासायला आलेल्यांचं एवढं स्वागत?"

मी म्हटलं, "डॉक्टर, ह्याला म्हणतात कामाचा बोलबाला."

एक मिशीवाले गृहस्थ लगबगीनं पुढं आले. सगळे त्यांना मामा म्हणत होते. "या पाव्हणं, या. दाजी तुम्हालाच आणाया फाट्यावर गेलेत. चुकामूक झाली जणू."

"आम्ही मधल्या कच्च्या रस्त्यानं आलो," मी म्हणालो.

आम्हाला गादीवर लोडाला टेकून बसवलं. पोहे आले, सरबत आलं. मामा जरा जवळ सरकले. "मुख्य माणूस मागच्या गाडीत हाय का?"

मी साखळी नीट केली. "मुख्य माणूस मीच."

मामांच्या हातातला पेला तिथंच थांबला. "तुम्ही?"

"का? शोभत नाही?"

"तसं नाय. पण वय जरा..."

"वयाचं काय घेऊन बसलात, मामा? आमच्यात वय बघत नाहीत, उत्साह बघतात. आणि हे काय जन्माचं आहे का? एका वर्षापुरतं. वर्ष भरलं की मी बाजूला, पुढचा येतो."

"पुढचा?" मामांचा आवाज चिरकला.

"ठरलाय तो आत्ताच. वकील आहे, चांगला माणूस आहे. आणि हे डॉक्टर बसलेत ना, मागच्या वर्षी हेच होते."

मामांनी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी नम्रपणे नमस्कार केला. आतल्या खोलीच्या पडद्यामागं बांगड्यांची किणकिण चालली होती, ती एकदम बंद पडली. माझ्या ध्यानात काही आलं का? छे. मी आपला पोह्यांवर लिंबू पिळत होतो.

एवढ्यात माइक दिसला. अध्यक्षाला माइक दिसला की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. उठलो, फेटा सावरला आणि सुरू झालो. "बंधू-भगिनींनो, ज्यांची नजर अधू आहे त्यांनी लाजू नका. घरच्यांनीही ते झाकून ठेवू नका. आम्ही खास त्यांच्यासाठीच शहरातून आलोय. गरज पडली तर त्यांना आजच आमच्या गाडीत घालून घेऊन जाऊ."

मला वाटलं, आता टाळ्या. टाळ्या राहिल्या बाजूला.

मामा हात जोडून पुढं आले. डोळ्यांत पाणी. "पाव्हणं, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"आमच्या कुसुमच्या नजरेचं. घराबाहेर आम्ही कोणापाशी बोललो नाय."

मला वाटलं, असेल कुणी पेशंट. म्हटलं, "आम्ही आधी माणसं पाठवून सगळी चौकशी करतो, मामा. आमच्यापासून काही लपत नाही."

पडद्यामागं कुणीतरी हुंदका दिला. पडदा बाजूला झाला आणि हिरवा शालू नेसलेली, मुंडावळ्या नाहीत पण बाकी सगळा साज चढवलेली एक मुलगी भिंतीला हात लावत बाहेर आली.

"मामा, बास झालं आता," ती म्हणाली. "व्हय, मला लांबचं दिसत नाय. समदं धुरकट दिसतं. मी कवापासून सांगते, तुम्हीच म्हणता गप ऱ्हा, सोयरीक मोडंल. मोडू द्या. पण ह्या बाबाशी मी लगीन करणार नाय. ते बी वर्षापुरतं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. फेट्याखाली घामाची धार लागली. हे शिबिर नव्हतं. हा त्या पोरीच्या कुंकवाचा कार्यक्रम होता. शहरातून यायचे होते ते तिच्या सासरचे पाहुणे, आणि नवऱ्या मुलाला तोवर फक्त तिच्या वडिलांनी, म्हणजे मामांच्या दाजींनीच, पाहिलं होतं. आणि गेला पाऊण तास त्यांच्या गादीवर बसून मी नवरदेव म्हणून पोहे खात होतो.

डॉक्टर मात्र शांत. उठून तिच्याजवळ गेले. "बस बेटा. आम्ही पाहुणे नाही. मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, शाळेतल्या शिबिराला आलोय, चुकून इथं शिरलो. तुझी नजर कुणी चोरून कळवली नाही." त्यांनी पेटी उघडली, तपासायची ती गोल चौकट तिच्या नाकावर ठेवली आणि एकेक भिंग बदलत गेले. हे बरं, का हे? हे बरं, का हे?

एका भिंगाला कुसुम थबकली. अंगणाच्या पार पलीकडं चुलीपाशी तिची आई उभी होती. कुसुम म्हणाली, "आई, तू रडतीस व्हय?"

माझा ऊर भरून आला हो. फेटा, साखळी, बिल्ला, सगळं विसरलो. मनात म्हटलं, ह्याच्यासाठी क्लब. बाकी सगळं सोंग.

पण सुख किती वेळ टिकावं? दारात हॉर्न वाजला. कुसुमचे वडील खरे पाहुणे घेऊन आले. पोरीच्या नाकावर ती चौकट बघून त्यांचा चेहरा पडला. नवऱ्या मुलाची आई गाडीतून उतरता उतरताच म्हणाली, "पोरगी चष्मेवाली हाय? हे कोणी बोललं नाय आम्हाला."

कुसुम चौकट काढायला लागली. डॉक्टरांनी काढू दिली नाही. चांगलं काम करायला आलो आणि एका पोरीची जुळलेली सोयरीक मोडली की मी. पुढं होऊन म्हटलं, "बाई, चूक माझी आहे, मुलीची नाही."

"चूक कसली?" मागून आवाज आला. नवरा मुलगा होता, शहरात कंपनीत कामाला असलेला. त्यानं खिशात हात घातला, चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. "आईनंच फाट्यावर काढायला लावला. ह्यातली मुलगी कोणती, ते मला आत्ता दिसलं."

पहिली हसली ती कुसुम. मग मामा, मग सगळा मंडप, आणि शेवटी नाइलाजानं त्याची आई. कुंकू लागलं. मी जोरात टाळ्या वाजवल्या आणि हळूच जीपकडं सटकायला लागलो.

"पण साहेब," कुसुमच्या वडिलांनी गाठलंच, "तुम्ही आत शिरलातच कसे? दारावर बोर्ड लावलाय की."

कुसुमनं चौकटीतून वर बघितलं आणि हात हात लांब अक्षरं अंगणातूनच वाचून दाखवली. "कुंकवाचा कार्यक्रम. कुसुमचा. मला आलं की वाचता. तुम्हाला नाय आलं का, काका?"

सलीमभाई म्हणाले, "मैं बोला था साब, पढ लो."

आता तुम्हाला सांगायला काय हरकत आहे? गेली दोन-तीन वर्षं दुकानात मी कापडावरची किंमत नोकराला वाचायला लावायचो, समोरच्या दुकानाची पाटी पाठ होती म्हणून निभायचं. अध्यक्षाच्या नाकावर चष्मा शोभत नाही, असं माझं मत होतं. डॉक्टरांनी माझा दंड धरून मला शाळेत नेलं, कोट आणि साखळी उतरवायला लावली, आणि शंभर लोकांच्या रांगेत सगळ्यांच्या आधी स्टुलावर बसवलं.

शिबिर झकास झालं. कुसुमच्या लग्नात अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना चष्मे होते, ते मी माझ्या नव्या चष्म्यातून बघितले.

वर्षअखेर क्लबचा अहवाल छापून आला. शिबिराचा मोठा फोटो पहिल्याच पानावर, त्यात मी, भुवयांपर्यंत फेटा घातलेला, डॉक्टरांच्या हातून चष्मा घेतोय. आमच्या सचिवानं फेट्यामुळं मला ओळखलंच नाही. खाली लिहिलं होतं, 'चष्मा स्वीकारताना एक गरजू ग्रामस्थ.' अख्ख्या अहवालात अध्यक्षांचा फोटो म्हणाल, तर तेवढा एकच.