बसक्या छपराचं घर

सुतारकाम मला येत नाही. गावात कोणी म्हणत असेल की येतं, तर ते खोटं. धानाच्या शेतीत जन्म गेला. बैलबंडीचं काही मोडलं, औताचं काही निखळलं, की सुताराची वाट न बघता स्वतःच ठोकून घ्यायचं, एवढीच माझी विद्या. नातू झाला नसता तर रंधा हातात धरला नसता मी.

नातू जन्मला तेव्हा रडला नाही. डॉक्टरनं नंतर सांगितलं की तेवढ्या वेळात डोक्याला हवा पुरली नाही. डोकं शाबूत राहिलं, बोलायला तर असा की मोठ्याला गप्प करील, पण पाय गेले. उभं केलं की दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. मी पांगुळगाडा केला, चाकं गुळगुळीत घासली, दांडी त्याच्या छातीला लागेल अशी ठेवली. दांडीवर तो दोरीवरच्या धोतरासारखा लोंबला. दांडी खाली घेतली, चाकं जड केली, पुन्हा तेच. शेजारची बाई रोज कुंपणावरून विचारायची, "काऊन जी, अजून नाही चालत का पोट्टा?" माझ्या तोंडाशी शिवी यायची. एकदा आलीच बाहेर.

सून मात्र हटली नाही. मुलगा गोंदियाच्या बाजारात दुकान सांभाळतो, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. पोराचं सगळं सुनेवर. ती त्याला कडेवर घेऊन आमच्या कामठ्याहून बसनं गोंदियाला न्यायची. तिथं व्यायाम करवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, या वयात उभा राहिला तर राहिला, नाहीतर पाय आखडत जातील आणि मग कोणाच्या हातात काही राहणार नाही. म्हणून ती रोज सकाळी त्याच्या पायांना पट्टे बांधून त्याला धानाच्या कोठीला टेकवून उभं करायची. तो रडायचा, तीही रडायची, पण सोडायची नाही. मला ते बघवत नसे. मी शेतावर निघून जायचो. आणि एक दिवस तो कोठीला धरून आपला आपण उभा राहिला. फार वेळ नाही, चहा उतू जातो तेवढा वेळ. सुनेनं गल्लीत साखर वाटली.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरांचा. लाकडाचा चाकं लावलेला नंदी, गळ्यात घुंगरू, शिंगांना बेगड, आणि दोरीनं ओढत पोट्टे घरोघरी जातात. घरचं मोठं माणूस नंदीला टिळा लावतं आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवतं, नाणं म्हणा, लाडू म्हणा. नातवाचा नंदी मीच केला होता. एका काखेत तो आणि दुसऱ्या हातात नंदीची दोरी, असा मी त्याला फिरवायचो. पण पोरगं वाढून राहिलं आणि मी उतरून राहिलो. एका वर्षी चौथ्या-पाचव्या घरीच मला धाप लागली. बाकीचे पोट्टे पार पुढं निघून गेले. तो माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला, "आबाजी, घरी चला. ते पयून राहिले."

तेव्हा मी घर बांधायला घेतलं.

जुन्या बंडीच्या फळ्या होत्या, एक मोडकं तख्त होतं. अंगणात चार खांब रोवले, फळ्या ठोकल्या, खिडकी ठेवली, दाराला बिजागऱ्या लावल्या. छप्पर मात्र मुद्दाम बसकं ठेवलं, इतकं की चार वर्षांचं पोर उभं राहिलं तर डोकं आपटावं. पाटलाचा असो की मजुराचा, आत जायचं तर रांगतच जायचं. आणि रांगण्यात माझ्या नातवाचा हात कोण धरणार? कोपरांवर सरपटत तो असा सुटायचा की बाकीच्यांची दमछाक. गल्लीतले पोट्टे शाळा सुटली की आमच्याच अंगणात. आतून ह्याचे हुकूम ऐकू यायचे, "तू भात मांड, तू बकऱ्या बांध." त्या घरात पांगळं कोणी नव्हतं. मला वाटलं, देवानं नाही दिलं ते मी दिलं. असा माजलो होतो मी.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला तो म्हणाला, मी फिरत नाही, माझ्या घरात बसतो, सगळ्यांनी माझ्याकडं यायचं. मी त्याला नवा सदरा घातला, टोपी घातली, पुढ्यात कुंकवाची वाटी आणि लाडवांचं ताट ठेवलं. पोट्टे रांगेनं नंदी घेऊन आले. तो दारात बसून एकेका नंदीला टिळा लावी आणि लाडू देई. बाया बघायला जमल्या. "अगं बाई, काय शोभून राहिला! पाटीलच!" माझी छाती फुगली. सून ओसरीत उभी होती. तिचा चेहरा मला दिसला, पण मी म्हटलं, असेल काही, बायकांचं काय.

सगळे गेल्यावर ती आली. "मामाजी, बोजारा कोण देते?"

"मोठी माणसं. काऊन?"

"मंग माझा पोरगा देणाऱ्यात कायले बसला? त्याचं वय मागायचं हाय. त्याच्या वयाचे दारोदार फिरून राहिले अन् तुम्ही त्याले म्हातारा करून बसवला."

माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "तू इतक्या दिवसांपासून उभं करून राहिली, झाला का उभा?"

"झाला होता. कोठीले धरून झाला होता. तुमचं घर झालं अन् बसला. आता पट्टे बांधले का म्हणते, मले घरात जाऊ दे." ती रडत नव्हती, ते जास्त लागलं. "छप्पर उचला. खिडकी वर घ्या. उभं राहिल्याबिगर बाहेरचं दिसलंच नाही पाहिजे त्याले."

खरं तेच बोलली होती ती.

दुसऱ्या दिवशी मी छपराच्या फळ्या उचकटायला घेतल्या. तो खाली मातीत बसून बघत होता. "आबाजी, माझं घर काऊन तोडून राहिले?"

"तोडत नाही रे राजा. मोठं करून राहिलो."

"मोठं नको ना."

त्याला कळलं होतं. मी हातोडा चालवत राहिलो. खांबांना जोड दिले, छप्पर वर नेलं, खिडकी उंच घेतली, आत धरायला चहूकडून बांबू बसवला. सुनेनं स्वतः त्या बांबूला पॉलिश पेपर मारला, हाताला काही टोचू नये म्हणून. दोन दिवस ती कामाच्या नादात गुणगुणत होती. मीही म्हटलं, होईल. काऊन नाही होणार?

शाळा सुटली, पोट्टे आले. सवयीनं सगळे रांगतच आत गेले. आत एका पोरीनं मान वर केली आणि हळूच उभी राहिली. "अरे, इथं तर उभं राहता येते!" मग काय, सगळेच उठले. उड्या मारल्या, हात वर करून छपराला लावले आणि खिडकीशी गर्दी केली. मी आणि सून दाराशी वाकून बघत होतो. नातवानं दोन्ही हातांनी बांबू धरला. अंग उचललं. पाय चढले एकमेकांवर, तो पडला. पुन्हा धरला, कपाळावरची शीर तटतटली, गुडघे सुटले, पुन्हा पडला. सून पुटपुटत होती, "धर, धर माझ्या राजा, धर." तिसऱ्या खेपेला त्यानं बांबूकडं बघितलं आणि हात खाली घेतला.

वर पोट्टे ओरडत होते. बस आली, बस गेली, कोणाची म्हैस सुटली. तो त्यांच्या गुडघ्यांच्या मधोमध बसलेला. "काय दिसून राहिलं? मले सांगा ना," तो खालून म्हणाला. कोणाला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मग शेजारी उभ्या असलेल्या त्या पोरीचा घोटा हातात धरला आणि ओढला.

"बस ना," तो म्हणाला. "खाली बस ना."

तिनं खिडकीतून नजर न काढता पाय झटकला.